रोवण्यात कुणाला काढत नाहीत

गोंदियाच्या स्टेशनवर पप्पांनी माझी बॅग सीटखाली ढकलली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. "पोचली का फोन करजो," म्हणाले. "अन् त्या गेमात कमी राहजो." पुण्याची गाडी हलली तेव्हा मी फोनमध्येच पाहत होते, डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून.

तुम्ही आमच्या अर्जुनी मोरगावकडे राहिला असाल किंवा माझ्यासारखे बाहेर पडला असाल, तुमच्यातले बरेच जण त्या गेममध्ये होतेच. माझ्या चुलतभावाने, विलासदादाने, आमचा क्लॅन, म्हणजे गेममधली टोळी, काढला तेव्हा मी शाळेत होते. किल्ले बांधायचे, सैन्य जमवायचं, रविवारी दुसऱ्या क्लॅनशी लढायचं. मी इंग्लिश मीडियमची, लाजरी. चॅटवर मात्र सगळ्यांना उत्तरं द्यायचे. पुण्याच्या ऑफिसात कुणी गाव विचारलं की "नागपूरकडची" म्हणून सुटका करून घेते. क्लॅनमध्ये तसं करावं लागत नाही.

आता गेम म्हातारा झालाय. कंपनी रोज बक्षिसं देते, नवे पोशाख देते. माणसं येतात आणि परत जातात. यंदा पावसाळ्यात नोटीस आली: ज्या क्लॅनमध्ये खेळणारे कमी, तो महिनाअखेर बंद. दादाला शेतीमुळे वेळ नसतो, म्हणून लीडर आता अथर्व. माझ्याच ऑफिसातला, मीच आणलेला. त्याने व्हॉइस चॅटवर जाहीर केलं, "इनॅक्टिव्ह लोकांना आज काढतो, नवे भरतो." त्यात दादा होता, आणि त्याच्यामागे अर्धं गाव.

आमचा एक रिवाज त्याला कुणी सांगितलाच नव्हता. इटियाडोह धरणाच्या कालव्याला पाणी सुटलं की सगळे शेतात जातात आणि क्लॅन ओस पडतो. पण रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, कुणाला काढायचं नाही. मागे उरलेल्यांनी त्यांचे किल्ले राखायचे.

मी पहिल्यांदाच माइक चालू केला. "काढू नको."

"अगं, तू बोलतेस? ऑफिसात तर एवढंही बोलत नाहीस."

"धानाचा रोवणा चालू आहे. त्यांचे हात चिखलात आहेत. येतील."

"आणि नाही आले तर? क्लॅनच जाईल."

"येतील," मी पुन्हा म्हणाले. खात्री नव्हती. क्लॅन गेला असता तर पुण्यात माझ्या कानावर आमची झाडीबोली पडायची जागाच उरली नसती. हे त्याला सांगणं मला जमलं नाही.

त्याने कुणाला काढलं नाही. आम्ही उरलेले किल्ले राखत राहिलो. महिना संपत आला तशी मी जेवतानाही फोन उघडून बघू लागले. मग एका रविवारी दुपारी नावांपुढे हिरवे ठिपके दिसू लागले. सगळ्यांत आधी दादाचा.

"काऊन वं, आमाले काढून टाकून राहिले होते म्हणे?"

अथर्व गडबडला. "सॉरी दादा, मला माहीत नव्हतं."

"तू बी ये एकदा रोवायले. कंबर मोडली का समजते."

सगळे हसले, अथर्वसुद्धा. त्या रविवारची लढाई आम्ही हरलो, पण क्लॅन राहिला. पुढच्या वर्षी कालव्याला पाणी कधी सुटेल, हे आता अथर्वच दादाला विचारतो.

गेम अजून किती चालेल, माहीत नाही. पण गैरहजर माणसाची जागा राखली तर तो परततो, एवढं मी पाहिलंय.

त्याच रविवारी संध्याकाळी आईला फोन केला. माझ्या खोलीत खताची पोती ठेवलीत, ती म्हणाली. 

"तू आली का हटवू," आई म्हणाली. "इथं नाही तं कुठं राहशील तू?"

माझी खोली माझ्याशिवाय कामात आहे, आणि तरी माझीच आहे. घर म्हणून आता मला एवढं पुरतं.