दुखापत: डोक्यात, आतून

“जेवलीस का? झोप लागली का?”

आमच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रत्येक टेलिफोनमध्ये सगळ्यात आधी हेच बोललं जायचं. बोलणाऱ्या टेस्टिंगच्या बाई. सांगलीजवळच्या त्या कारखान्यात मी चहा द्यायची आणि फरशी पुसायची. नव्वद सालानंतरची ती वर्षं. गावोगाव फोन लागत होते आणि आमच्या पन्नासेक बायका दिवसभर मान खाली घालून तापल्या सळीनं बारीक तारा चिकटवत होत्या.

नियम असा होता की, तयार फोनमध्ये एकीनं एक ते दहा आकडे म्हणायचे, काचेपलीकडं दुसरीनं ऐकायचे. आवाज साफ आला की शिक्का. बाई आकडे म्हणायच्या नाहीत. फोन बोलायला असतो, मग त्यात बोलूनच बघायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दिवसाला शंभरावर फोन, आणि प्रत्येकात तेच दोन प्रश्न. पलीकडची कंटाळून “व्हय, व्हय” म्हणायची. मला हा चावटपणा वाटायचा आणि तसं मी तोंडावर सांगितलंही.

“शंभर येळा विचारलं की एकदा खरं उत्तर येतंय, मावशी,” त्या म्हणाल्या.

ते पुढं खरं झालं म्हणून लिहायला बसले. नाहीतर कुणाचं कौतुक करत बसायची मला सवय नाही.

बाई तासगावच्या. ठेंगण्या, आवाज मोठा, स्वभाव हट्टी. रुमालात बेदाणे बांधून आणायच्या आणि बोलताना एकेक तोंडात टाकायच्या. दुसऱ्या कुणाला दिलेला एकही मी पाहिला नाही. असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. जवळ बसलं की कटकट होते, पण नेमकी ऐनवेळी तीच उपयोगी पडतात.

आष्ट्याहून एसटीनं येणारी एक पोर तारा जोडायला होती. तिचं बाळ पोटातच गेलं. दीड महिन्यानं ती कामावर आली तेव्हा आम्ही सगळ्या एकेकदा हळहळलो आणि आपापल्या कामाला लागलो. तिच्या हातचे फोन नापास होऊ लागले. तार एकीकडं, हिची सळी भलतीकडं. मॅनेजरसाहेब पुण्याचे, सभ्य, आवाज कधी न चढवणारे. न चढवताच त्यांनी सांगून टाकलं की, महिनाअखेर हिला कमी करायची. बाईंनी तेवढ्या दिवसांसाठी तिला काचेपलीकडं ऐकायला मागून घेतली.

चार दिवस ती “व्हय” म्हणत राहिली. पाचव्या दिवशी मी तिच्यापुढं चहा ठेवत होते. बाईंनी विचारलं, पोर काही बोलली नाही. फोन खराब समजून बाईंनी दुसरा घेतला, पुन्हा विचारलं.

“न्हाई,” पोर म्हणाली. “लय दिस झाले, झोप न्हाई. इहिरीकडं जाऊन बसते मी. तितं बरं वाटतंय.”

बाई उठून आमच्याकडं आल्या, तिचा हात धरला आणि घरी कुणाला ठाऊक आहे का विचारलं. सासू अमावस्येला देवऋष्याकडं नेणार होती, एवढंच कळलं. बाईंचे वडील छप्पन साली बौद्ध झालेले. “आमच्या बापानं तवाच देवऋषी सोडला,” त्या म्हणाल्या. “पाय मोडला तरी डाक्टर, डोकं बिघडलं तरी डाक्टर.” मग मला हुकूम सोडला, हिच्यापासून हलायचं नाही, आणि स्वतः साहेबांच्या ऑफिसात गेल्या. पण साहेबांच्या चहाची वेळ झाली होती. मी पोरीला माझ्याबरोबर घेतलं, ऑफिसच्या दाराशी स्टुलावर बसवलं आणि आत गेले. त्यामुळं पुढचं मी कानांनी ऐकलं.

साहेबांना वाईट वाटलं. वाटलं असेलही, मी नाही म्हणत नाही. पण घरचं दुःख घरी, आपण फोन बनवतो, दवाखाना चालवत नाही, असं ते म्हणाले.

“बोट भाजलं तर कंपनीची जीप निघती,” बाई म्हणाल्या. “त्ये बोट चालवतंय कोण, साहेब? डोकंच न्हवं? लोकांनी एकमेकांची खुशाली विचारावी म्हणून आपण फोन करतो, आन करणारीची खुशाली कुणी विचारायची न्हाई?”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. बाई बाहेर पडल्या आणि सरळ मलमपट्टीच्या कपाटाकडं गेल्या.

तिथं अपघाताची वही टांगलेली असायची. कारखान्यात कुणालाही लागलं की त्यात नाव, दुखापत, कारण आणि उपचार लिहायचे. सरकारी तपासणीस येऊन ती वही बघायचा. पानांवर आकडे छापलेले, त्यामुळं पान फाडायची सोय नव्हती. आणि नोंद झाली की उपचार करावाच लागायचा. बाईंनी पोरीचं नाव लिहिलं. दुखापत कुठं: डोक्यात, आतून. कारण: कुणी विचारलं नाही. उपचार: मिरजेला मनाच्या डॉक्टरकडं.

वही त्यांनी नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी वाचली आणि प्रथमच त्यांचा आवाज थोडा चढला. हे खोडा, म्हणाले.

“तुमी खोडा. खोडून खाली सही करा. तपासणीस आल्यावर कुणी खोडलं त्ये मी सांगते.”

मी चहा ठेवून निघायला हवं होतं, निघाले नाही. साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं आणि जीप काढायला सांगितली.

पोरीबरोबर मी गेले. डॉक्टरांनी तास दीड तास घेतला. नवऱ्याला बोलावून घेतलं. हा आजार आहे, टायफॉइडसारखाच, गोळ्या आहेत, बरा होतो, पण एकटीला सोडायचं नाही, असं त्याला दोनदा म्हणायला लावलं. वहीत उपचार चालू असलेल्या माणसाला कामावरून काढणं जड होतं, म्हणून तिची नोकरीही राहिली. पावसाळा संपेतोवर तिच्या तारा जागेवर बसू लागल्या. एका दुपारी तिनं माझ्या चहाला पाणचट म्हटलं, तेव्हा मी ओळखलं की ती परत आली.

दर पंधरा दिवसांनी जीप जायची. तिसऱ्या खेपेला ड्रायव्हरनं आपला भाऊ मागं बसवला. वर्षभर अंथरुणातून न उठलेला भाऊ. साहेब म्हणाले, हा आपला कामगार नाही. बाईंनी विचारलं की, घरात भाऊ असा पडलेला असताना ह्याचं लक्ष रस्त्यावर राहील का, आणि आपले फोन घेणार कोण, ह्याच गावांतली माणसं ना? मग एवढ्यावर न थांबता महिन्यातून एकदा डॉक्टरांनाच कँटीनमध्ये बोलवा, कामगारांसाठी आणि बाहेरच्या वस्तीसाठीही, असा अर्ज त्यांनी दिला. खाली तेवीस जणींच्या सह्या. माझीही होती.

अर्जाला उत्तर आलं नाही. बाईंच्या बदलीचा कागद आला. कंपनीची साताऱ्याला दुसरी शेड होती, तिथं. कामाच्या सोयीसाठी.

मी त्यांना म्हटलं, जाऊन चार शब्द गोड बोला, राहाल इथंच.

“साताऱ्यातबी अपघाताची वही असंलच की,” त्या म्हणाल्या. आणि रुमाल सोडून सगळे बेदाणे माझ्या ओंजळीत ओतले. मी ते खात उभी राहिले.

त्यांच्या खुर्चीवर आष्ट्याची पोर बसली. प्रश्न तेच.

दीडेक वर्षानं बाहेरच्या देशांतले स्वस्त फोन बाजारात आले आणि आमच्याकडची कामं कमी झाली. साहेबांचा सकाळचा चहा दुपारी साय धरून तसाच मिळू लागला. मला तो माणूस आवडत नव्हता, आजही आवडत नाही. तरी मी विचारलं, जेवलात का, झोप लागते का. त्यांनी मला माझं काम करायला सांगितलं. विचारणं हेही माझं काम धरून मी रोज विचारलं.

एक दिवस ते म्हणाले, “नाही.”

मी वही आणली. चौथीपर्यंतचं माझं अक्षर, वाकडं, पण वाचता येतं. नाव त्यांचं. दुखापत: डोक्यात, आतून. त्यांनी ते वाचलं. मग खाली सही केली आणि स्वतःच जीपमध्ये जाऊन बसले.

पुढच्या महिन्यापासून डॉक्टर कँटीनमध्ये येऊ लागले. वस्तीतली माणसंही यायची, आधी चोरून, मग चपला वाजवत. बाईंना मात्र कुणी परत बोलावलं नाही. म्हणून मी रोजच्या दोन प्रश्नांना तिसरा जोडला. जेवलात का, झोप लागली का, बाईंना साताऱ्याहून कधी आणताय? साहेब कप उचलायचे आणि खिडकीबाहेर बघायचे.

शंभर वेळा विचारून व्हायच्या आतच त्यांची बदली झाली. नवे साहेब आले त्या सकाळी मी त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली.