वाइनच्या वेलीची वडी

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी कुवेतमधल्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन होतो. आमचे कॅनेडियन डॉक्टर नोकरी सोडून मायदेशी निघाले, तेव्हा कुंडीतली द्राक्षाची वेल त्यांनी मला देऊन टाकली. थंड मुलखासाठी मुद्दाम केलेली वाइनची संकरित जात. "उणे चाळीसलाही मरत नाही," ते म्हणाले. मी त्यातलं चाळीस तेवढं ऐकलं आणि खूश झालो, कारण आमच्या उन्हाळ्यात चाळीस म्हणजे बऱ्यापैकी गार दिवस.

ज्या देशात एका बाटलीपायी माणसाला थेट विमानात बसवतात, तिथे मला घरच्या वाइनचा एक प्याला हवा होता. नुसता एक. सालमियातल्या आमच्या बाल्कनीत एसीचं पाणी ठिबकायचं, तिथे मी कुंडी ठेवली. दुपारी वेलीवर ओलं गोणपाट धरायचो. पोटच्या पोरांचं इतकं केलं नाहीत, असं बायको म्हणायची, आणि ते खरं होतं.

वेल फोफावली. द्राक्षं मात्र नाहीत, नुसती पानं. एकदा शेजारच्या पॅलेस्टिनी बाईंनी त्याच पानांत भात गुंडाळून, शिजवून आणून दिला. बायकोने एक गुंडाळी खाल्ली, दुसरीचं पान उलगडून बघितलं आणि म्हणाली, "अहो, ह्याची अळूवडी होईल. चिंचसुद्धा नको घालायला."

झालं. कुवेतमध्ये अळूवाचून झुरणारी इतकी मराठी माणसं असतील याची मला कल्पना नव्हती. एरवी माझ्याकडे न बघणारे सर्जनसुद्धा वाट वाकडी करून चहाला येऊ लागले. एकांनी तर माझी ओळख "वडीवाले" अशी करून दिली. रोज एक फांदी बोडकी व्हायची आणि मी बशी घेऊन हसत उभा. वड्या फर्मास व्हायच्या, हेच तर दुःख.

तिसऱ्या उन्हाळ्यात एक घोस धरला, काळाही झाला. मी हरखलो. पण त्याच्यावर सावली धरायला पान उरलं नव्हतं. द्राक्षं जागच्या जागी सुकली आणि पाठोपाठ वेलही गेली. डॉक्टरांचं ते 'उणे' मला तेव्हा ऐकू आलं.

पुढे घरी सत्यनारायण झाला. पूजा सांगणारे एरवी अकाउंटंट होते. शिरा खाताना त्यांच्या दाताखाली बी आली.

"बियांचे मनुके कुठून आणलेत, वहिनी?"

"घरचे आहेत," बायको अभिमानाने म्हणाली.

मी उजव्या हातावर प्रसाद घेतला, कपाळाला लावला आणि माझी वाइन चावून खाल्ली.