पेरेल्मनच्या हातची हरणं

शवूओत या ज्यूंच्या सुगीच्या सणाला गल्लीतल्या छोट्या सिनेगॉगच्या खिडक्यांवर कागदाची फुलं आणि हरणं चिकटवतात, आणि ती पेरेल्मनच्या हातची असतात, हे हेन्री स्ट्रीटवर सगळ्यांना पाठ होतं. खोटं होतं, पण पाठ होतं.

सीमोर पेरेल्मन एक्याऐंशी वर्षांचा. कागद कापायला त्याला आईनं शिकवलं होतं आणि त्याचा त्याला इतका तोरा, की दुसऱ्या कुणी कात्री उचलली तरी हा नाक मुरडायचा. सहा वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले. तेव्हा समोरच्या दारातल्या चिनी क्वॉकबाई, जन्मभर शिवणाच्या कारखान्यात राबलेल्या, म्हणाल्या, "तुम्ही रेघा काढा, कापते मी. आमच्याकडंही नव्या वर्षाला खिडक्यांवर कागदाची नक्षी लावतातच की."

पहिल्या वर्षी तो सिनेगॉगमध्ये सांगणारच होता. पण लोकांनी पाठ थोपटली आणि हा मूग गिळून बसला. पुढं त्यानं मनाची समजूत घातली, की चित्र माझं, त्या नुसती कात्री चालवतात. नुसती! त्याच्या रेघा तरी कुठं धड येत होत्या? वेड्यावाकड्या रेघेतून हरणाची डौलदार मान काढायच्या त्या क्वॉकबाई. हे त्याला कळत होतं, म्हणून तर लाज वाटत होती.

जूनमध्ये एका रविवारी ज्यू आणि चिनी शेजाऱ्यांनी मिळून गल्लीत जत्रा भरवली. डम्पलिंगच्या वाफा, लोणच्याची पिंपं, व्हायोलिन, झांजा, सगळं एकाच फुटपाथवर. कागदकामाची दोन टेबलं शेजारी शेजारी मांडली होती. एकावर चौकटीतली हरणं आणि खाली कार्ड: सीमोर पेरेल्मन. दुसऱ्यावर क्वॉकबाई लाल कागदाची घडी घालून ढोबळ पाकळ्यांची फुलं कापत होत्या. आठ वर्षांच्या पोरीलाही जमतील अशी.

सीमोर त्यांच्याकडे झुकला. "हा काय पोरखेळ मांडलाय?"

"बारीक कापलं तर कोणीही ओळखेल, दोन्हीकडं हात एकच आहे म्हणून," त्या हळूच म्हणाल्या. "गप्प बसा तुम्ही."

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ही बाई त्याची अब्रू राखायला भर गल्लीत स्वतःला अडाणी म्हणवून घेत होती.

तेवढ्यात व्यवस्था पाहणारी तालिया आली. गोड पोरगी, पण जिभेला लगाम नाही. "आजोबा, क्वॉक आंटींना जरा दाखवा ना, नाजूक काम कसं करतात ते. त्यांना बिचाऱ्यांना एवढंच येतं वाटतं."

लोक हसले. क्वॉकबाईही हसल्या. ते हसणं सीमोरला सोसवेना.

"ही हरणं यांनी कापलीत," तो मोठ्यानं म्हणाला.

"काय हा विनय!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सिनेगॉगचे गोल्डफार्ब ओरडले, "सीमोर आणि विनय? तब्येत बरी आहे ना रे?" मग तर सगळ्यांनीच टाळ्या पिटल्या.

सीमोरनं टेबलावरची कात्री उचलली, एक कोरा कागद ओढला आणि सगळ्यांसमोर हरणाची मान कापायला घेतली. कात्री थरथरत गेली आणि मान तुटून टेबलावर पडली. टाळ्या थांबल्या.

"सहा वर्षं," तो म्हणाला. "सगळी यांनीच कापली. शाबासकी मी खाल्ली."

गोल्डफार्ब बुटांकडे बघू लागले. क्वॉकबाईंनी कात्री खाली ठेवली. "झालं समाधान? चांगला कागद वाया घालवलात."

तालिया लालबुंद झाली होती. तिनं चौकटीखालचं कार्ड काढून टाकलं, कोरं घेतलं, पेन उघडलं. "आजोबा, आंटींचं पूर्ण नाव काय?"

सीमोरनं तोंड उघडलं. एकतीस वर्षं समोरासमोर दारं. त्याची बायको गेली तेव्हा आठवडाभर सूप आणून देणारी ही बाई. आणि क्वॉक हे तर तिच्या नवऱ्याचं आडनाव, दारावरच्या पाटीवरचं. सगळे त्याच्याकडे बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

तो क्वॉकबाईंकडे वळला. "बाई... तुमचं नाव काय?"

त्याच्याकडे पाठ फिरवून त्या तालियाला म्हणाल्या, "लाउ सिउ-फोंग."

जत्रेतल्या परक्या माणसांबरोबर सीमोरनंही ते पहिल्यांदाच ऐकलं.