थोरलीचा नंबर

धाकटे 'हो' म्हणायला फार वेळ लावत, मग विचारणारा माणूस असो की संगणक. पीथमपूरच्या आमच्या औषधांच्या कारखान्यात सर्व्हर सांभाळायला आम्ही दोघंच. मी धारहून येणारी, ते देवासहून. घरात ते लहान म्हणून सगळे त्यांना धाकटे म्हणत, तेच नाव मागोमाग कारखान्यात आलं. फाटकावरचे गार्ड तर ते आडनावच समजत आणि 'धाकटे भिया' म्हणून सलाम ठोकत. त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

कर्नेल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी. तयार मिळणाऱ्या कर्नेलमध्ये आम्हाला हवं ते नसायचं, म्हणून तो आम्ही स्वतः बांधत असू. बांधताना स्क्रीन प्रश्न विचारत सुटते. हे हवं का, ते हवं का, संपता संपत नाही. मी आपली एंटर बडवणारी. धाकटे चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक प्रश्नाखालची माहिती ओठ हलवत वाचत. "काका, चला ना, बस निकल जाएगी," मी कावून म्हणायची. "निकलने दो. इथे चुकीचं नाही म्हटलेलं पुढे कुठे नडेल सांगता येत नाही, बाई," ते म्हणत आणि पुढचा प्रश्न वाचायला घेत. देवासला पोचायला त्यांना दोन बस बदलाव्या लागत, आणि घाई मात्र मला!

हा सगळा उपद्व्याप एका डिस्कसाठी होता. दोन सर्व्हर आणि दोघांत मिळून ती एकच डिस्क. औषधांच्या सगळ्या नोंदी तिच्यावर. दोघांनी एकदम एकाच फाइलवर लिहिलं की झाला चिवडा. म्हणून कर्नेलमध्ये अशा सामाईक डिस्कची सोय चालू करायची आणि त्याआधी एक लिहीत असताना दुसऱ्याला अडवणारी कुलपं सांभाळणाऱ्या भागाला हो म्हणायचं, नाहीतर पुढचा पर्याय दिसतच नाही. धाकट्यांनी सर्व्हरना नावं दिली होती थोरली आणि धाकटी. "आमच्या देवासला एका गावात दोन गाद्या नांदल्या, थोरली पाती नि धाकटी पाती. या दोघींना काय धाड भरलीये?" म्हणायचे.

दोघींनी एकमेकींना सतत 'मी आहे' असं कळवत राहायचं. आवाज तुटला तर एकीने स्वतःला बंद करून घ्यायचं, म्हणजे डिस्क वाचते. अशा वेळी पहिल्या नंबरची टिकते, दुसरीने जायचं. पहिला नंबर त्यांनी थोरलीला दिला होता. "मान तिचा," एवढंच म्हणाले.

एका दुपारी थोरलीचं नेटवर्क कार्ड बिघडलं. तिचा आवाज कुणालाच जाईना. पण ती जिवंत होती आणि पहिल्या नंबरची होती. मग काय, धडधाकट धाकटी आपणहून बंद पडली! उठली, पुन्हा पडली. पॅकिंगचं काम ठप्प. मी चिडले. "आजारी आहे ती बसून, आणि चांगली आहे ती मरतेय! हा कुठला न्याय, काका?" ते थकून खुर्चीत टेकले. "न्यायाचं काय घेऊन बसलीस? डिस्क वाचली ना?" कार्ड बदलल्यावर मी म्हटलं, आता नंबर तरी उलटे करू. त्यांनी बिघडलेलं कार्ड खोक्यात घालून ठेवलं. मग म्हणाले, "राहू दे थोरलीचा नंबर."

घरी त्यांचे थोरले भाऊ होते, दादासाहेब. लग्न केलं नव्हतं, आणि अर्धांगवायूने खाटेवर पडले होते. धाकट्यांची बायको केव्हाच गेलेली, मुलगी पुण्याला. दिवसा शेजारच्या काकू डोकावत, पण दादासाहेबांना अंघोळ, जेवण, चहा सगळं धाकट्यांच्याच हातून, निघण्याआधी आणि परतल्यावर. जिना चढताना धाकटे हल्ली छातीला हात लावून थांबत. मी किती मागे लागले! डॉक्टरला दाखवा, दादांसाठी माणूस ठेवा. "त्यांना दुसऱ्याचा हात चालत नाही गं," ते म्हणत. "दादांचं आटपलं की दाखवतो."

परतीच्या बसमध्येच ते गेले. कंडक्टरला वाटलं, झोप लागलीये.

मी देवासला भेटायला गेले. त्यांची मुलगी आत पाहुण्यांत होती. दादासाहेब खिडकीजवळच्या खाटेवर, दाढी वाढलेली. त्यांना दोनदा सांगून झालं होतं म्हणे, पण लक्षात राहत नव्हतं. "आपण कारखान्यातल्या का?" त्यांनी जुन्या अदबीने विचारलं. "धाकटे अजून आले नाहीत. चहा निवतोय."

मी चहा बशीत ओतला, त्यांच्या मानेखाली हात घातला आणि बशी ओठांना लावली. मला वाटलं, तोंड फिरवतील.

ते शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. मग म्हणाले, "अजून आहे का थोडा?"