पिंजऱ्याला कोपरा नसतो

रोज एकत्र घाम गाळणारी माणसं असली की किस्से शोधावे लागत नाहीत. ते कपड्यांना चिकटून आपोआप घरी येतात. मी दातांची डॉक्टर. बडोद्यात कारेलीबागेत माझं क्लिनिक, त्याच्याच खाली एक हॉल, आणि त्या हॉलमध्ये दळवी सरांचा बॉक्सिंगचा क्लास. सर रेल्वेतून रिटायर झालेले, एकेकाळचे नावाजलेले बॉक्सर. मी वजन उतरवायला म्हणून गेले आणि तिथलीच झाले. वजन आहे तिथेच आहे!

पण हल्ली मला क्लिनिकमध्ये धड उभं राहवत नाही. पेशंटच्या तोंडात ड्रिल असतं आणि कान खालच्या बेलकडे. कारण तिकडे अकोट्यात एमएमएचं, म्हणजे पिंजऱ्यातल्या मिक्स मारामारीचं, चकाचक जिम उघडलंय, आमची मुलं तिकडे पळतायत, आणि हॉलचे मालक जिग्नेशभाई दिवाळीपर्यंतची मुदत देऊन मोकळे झालेत, "सर, दिवाळी पछी जे चालेल तेच हॉलमां राहील!"

*

परवा एक आई मुलाला घेऊन आली. तिने सगळी चौकशी केली, ग्लोव्हज दाबून बघितले आणि विचारलं, "सर, यात लाथ नाही शिकवत?"

"नाही."

"अकोट्याला तर तेवढ्याच फीमध्ये बुक्की, लाथ, कुस्ती, सगळं इन्क्लुडेड आहे!"

सर शांतपणे म्हणाले, "ताई, लाथ मारायला कशाला फी भरता? तुमचा मुलगा मघापासून माझ्या बाकाला फुकटच मारतोय."

अॅडमिशन गेली!

*

जिग्नेशभाईंना बॉक्सिंगचं वावडं नाही, त्यांना रिकाम्या हॉलचं वावडं आहे. एका रविवारी ते सरांना समजवायला बसले. "सर, बॉक्सिंग म्हणजे एकली सेव. आणि एमएमए एटले सेव-उसळ! पब्लिकला एका प्लेटमध्ये बधुं, सगळं पाहिजे. रील बने, टी-शर्ट खपे, तिकीट खपे. बॉक्सिंगची रील कोण बघणार?"

क्लास सुटल्यावर दर रविवारी आम्ही कोपऱ्यावर सेव-उसळ खायला जातो, त्या दिवशी सर आले नाहीत. मला फार वाईट वाटलं. त्या माणसाला सेव-उसळीपेक्षा प्रिय एकच गोष्ट होती, आणि ती तुलनेत हरली होती.

*

खरं सांगायचं तर माझं क्लिनिकही जिग्नेशभाईंच्याच बाजूने आहे. दात सांभाळायला मी तोंडात घालायचे गार्ड बनवून देते. बॉक्सिंगवाली मुलं म्हणतात, "साधा द्या." एमएमएवाल्यांना त्यावर वाघाचे सुळे रंगवून हवे असतात! एकाने तर विचारलं, "मॅडम, अंधारात चमकेल असा होईल?"

मी सरांना हे हसत हसत सांगितलं. सर म्हणाले, "त्याला म्हणावं, तोंड बंद ठेव. मग काहीही चालेल."

*

नवरात्राच्या आधी दोन महिने आमचा हॉल संध्याकाळी गरब्याच्या क्लासला जातो. बॅगा भिंतीला, आम्ही गच्चीवर. यंदा सर जिन्यात उभे राहून एकटक आत बघत होते. मला वाटलं, चिडलेत.

"डॉक्टरीणबाई, ते पाय बघा! माझ्या एकाही गाढवाचे असे पडत नाहीत."

तेवढ्यात अकोट्याच्या जिमचा मॅनेजरही तिथे पोचला. नवरात्राच्या तयारीपायी त्याचं जिम ओस पडलं होतं, म्हणून तो गरब्याचे पास शोधत फिरत होता. बॉक्सिंग मोठं की एमएमए, यावर बडोद्याचं उत्तर एकच, गरबा!

*

आता केतनबद्दल सांगते. केतन हा सरांच्या क्लासातला सगळ्यात चांगला मुलगा, म्हणजे सगळ्यात जास्त शिव्या खाणारा. बॉक्सिंगमध्ये समोरचा पडला की मारणाऱ्याने लांबच्या कोपऱ्यात जाऊन थांबायचं. तो जाईपर्यंत पंच दहापर्यंतची मोजणी सुरूच करत नाही. सर हे इतकं घोटून घेतात की मुलं झोपेतही कोपरा शोधतात.

एकदा सयाजीगंजला केतनच्या स्कूटरचा एका काकांना धक्का लागला. काका पडले. आणि केतन? तडक जाऊन रस्त्यापलीकडच्या कोपऱ्यात उभा राहिला! लोक धावले, "पकडो, भागे छे!" तो बिचारा ओरडतोय, "भागत नाही, थांबलोय!" काकांना काही लागलं नव्हतं, पण लोक ऐकेनात. शेवटी सरांना जावं लागलं. सरांनी आधी काकांना पाणी पाजलं, मग केतनकडे बघून म्हणाले, "गधड्या, माणूस पडला तर उचलायचा! कोपरा फक्त रिंगमध्ये!"

*

हाच केतन गेल्या वर्षी अकोट्याच्या जिमला गेला. सांगायला आला तेव्हा त्याला नजर वर करवत नव्हती. "सर, तिथे फाइटला पब्लिक येतं. इथे जिंकलो तरी घरच्यांशिवाय कोणी टाळी वाजवत नाही."

सर म्हणाले, "बरोबर आहे. या, केतनभाई."

केतनभाई! या! गधड्याशिवाय ज्याला कधी हाक मारली नाही, त्याला अहो-जाहो! केतनचा चेहरा पडला. बुक्कीने कधी पडला नव्हता इतका. त्यानंतर वाटेत भेटला तरी सर तसंच विचारायचे, "काय केतनभाई, बरे आहात ना?" ते ऐकून मलाच पळून जावंसं वाटायचं.

*

गेल्या महिन्यात जिग्नेशभाईंनी एका पार्टी प्लॉटवर, म्हणजे लग्नाच्या मैदानावर, शो ठेवला. आधी बॉक्सिंग, मग एमएमए. आमच्या मॅचेस झाल्या तेव्हा पब्लिक जेवणाच्या रांगेत होतं. जाळीच्या पिंजऱ्यात एमएमए सुरू झालं आणि खुर्च्या पुरेनात. जिग्नेशभाईंनी माइकवरच सांगून टाकलं, "दिवाळी पछी कारेलीबागमां पण आवो पिंजरो!" सर पहिल्या रांगेत ताठ बसून होते. मी चार वेळा उठले, चार वेळा बसले.

शेवटची फाइट केतनची. त्याने असा एक हुक मारला की समोरचा धाडकन आडवा. आता फक्त अंगावर बसायचं आणि मारायचं, की संपलं. एमएमएमध्ये पडलेल्याला मारायला परवानगी असते. सगळं पब्लिक उभं राहून ओरडायला लागलं, "मार! मार!"

आणि केतन वळला. हात खाली सोडून मागे मागे जायला लागला. जाळीला पाठ लागली, तसा इकडे बघतो, तिकडे बघतो. त्या गोल पिंजऱ्यात तो कोपरा शोधत होता!

माझ्या शेजारी आवाज आला. सर उभे राहिले होते. "एक... दोन... तीन..."

आठला समोरचा उठला. धावत आला, केतनचे पाय ओढले, गळा आवळला. केतनने हाताने थापट्या मारून हार मानली. पब्लिकने शिट्ट्या वाजवून वाभाडे काढले. जिग्नेशभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, जिंकेली फाइट!"

केतन बाहेर आला. कान लाल, डोळे त्याहून लाल. सरांसमोर येऊन वाकला. सरांनी त्याचा खांदा धरून त्याला सरळ उभा केला.

"गधड्या! कोपऱ्यात जाताना हात खाली सोडतात?"