एका बाटलीमागं अकरा

केनवडहून रिसोडला जाणाऱ्या सडकेला लागून तेव्हा बिअरचा एक कारखाना होता. भागिरथा तिथं बाटल्या धुवायची. गावातल्या बौद्ध वस्तीतली ही बाई चौथीपर्यंत शिकलेली, आकडेमोडीला पक्की, आणि एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचा पिच्छा न सोडणारी.

बहात्तरला पाऊस पडून न पडल्यासारखाच झाला. त्र्याहत्तरच्या चैत्रात कारखान्याच्या खालच्या अंगाला असलेली तुळसाबाई माळणीची विहीर आटली. वांगी, मिरच्या उभ्या वाळल्या. वाटेत भेटली तेव्हा म्हातारी रडली नाही. नुसती म्हणाली, "भागिरथे, माह्या सासऱ्याच्या वक्तापासून ह्या विहिरीनं कधी दगा नाई देल्ला. तुमचा पंप सुरू झाला अन् पानी खाली खाली गेलं. तुमी लोकं बिअर बनवता का नुसतं पानी पेता?"

ते ऐकून भागिरथा कामावर गेली. रबरी नळी नेहमीसारखी फरशीवर मोकळी वाहत होती. बायका जेवायला उठल्या तरी वाहतच राहिली. तीन वर्षं रोज हेच पाहत आलेली भागिरथा त्या दिवशी घास हातात धरून बसून राहिली.

"जानराव," पंप चालवणाऱ्याला तिनं विचारलं, "दिवसातून कितीदा टाकी भरता तुमी?"

"तीनदा तरी. काहून?"

"मोजाचं हाय मले."

जानराव हसला, पण तयार झाला. आठवडाभर तो टाकीत काठी बुडवून किती पाणी उतरलं ते सांगायचा, आणि भरून बाहेर गेलेल्या बाटल्या भागिरथा मोजायची. शनिवारी दुपारच्या सुट्टीत दोघांनी फरशीवर कोळशानं भागाकार मांडला. उत्तर पाहून जानरावानं डोक्यावरची टोपीच काढली. भागिरथेनं ते पुसून पुन्हा मांडलं. तेच आलं. बिअरच्या एका बाटलीमागं अकरा बाटल्या पाणी.

"एक बाटलीत, अन् दहा गटारात!" जानराव पुटपुटला.

भागिरथेनं कोळसा खाली ठेवला. दोन घागरींसाठी ती रोज अर्धा कोस चालायची, आणि इथं तिच्याच हातून हे वाहत होतं.

सोमवारी तिनं पाण्यानं भरलेल्या अकरा बाटल्या म्यानेजरच्या टेबलावर मांडल्या आणि शेजारी एक बिअरची ठेवली.

"हे काय आहे?"

"एका बाटलीले इतकं पानी लागते, साहेब."

"पाच लागतं. कागदावर पाच आहे!"

"कागदावरचं कोनं मोजलं, साहेब?"

दारात उभ्या जानरावाचा चेहरा पांढराफटक पडला. बाई आता कामावरून गेली, असंच सगळ्यांना वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून म्यानेजर स्वतः वही घेऊन टाकीपाशी उभा राहिला. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं बारा. टाकीच्या पायरीवर बसून त्यानं कागदावरचा पाच खोडला.

मग मात्र भराभर कामं झाली. नळीच्या तोंडाला तोटी बसली. बाटल्या शेवटी खंगाळल्यावर निघणारं स्वच्छ पाणी पिंपात धरून त्यात मळक्या बाटल्यांवर धुण्याचा पहिला हात फिरू लागला. यंत्रं थंड करणारं पाणी गटारात न सोडता टाकीत परत आणलं. ज्येष्ठ लागता लागता अकरावरून सातवर आलं.

भागिरथा हरखून तुळसाबाईकडे गेली. "मावशी, सातवर आलं!"

म्हातारी तिच्याकडे पाहतच राहिली. "सात? एका बाटलीले अजून सात?"

भागिरथेला कुणी तोंडात मारावी तसं झालं. सातचा आनंद घेऊन ती आली होती. सात म्हणजे किती, हे तिनं एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा म्यानेजरसमोर उभी राहिली. पाऊस लागेपर्यंत आठवड्यातून दोन दिवस पंप बंद ठेवा, म्हणाली. तो चिडला, बोलला, आणि शेवटी कबूल झाला.

पंधरवड्यानं विहिरीत गुडघाभर पाणी चढलं. वांगी, मिरच्या गेल्या त्या गेल्याच. तेवढ्या पाण्यावर तुळसाबाईनं दोन वाफे मेथी टाकली.