कानांवर हात

मंगल कार्यालयातला स्पीकर छातीत धडधडत होता. माझ्या शेजारी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी दोन्ही कान दाबून बसली होती. नवरदेवाच्या मावशींनी तिचे हात ओढून खाली घेतले.

"मोठ्यांना नमस्कार करायचं वळण नाही का गं?"

मुलगी किंचाळली.

"ती स्वमग्न आहे हो," तिची आई म्हणाली.

"काय?"

त्या गोंगाटात आईला ते तीनदा ओरडून सांगावं लागलं.

"अगंबाई, दिसत तर नाही तशी!" म्हणत मावशी पैठणी सावरत फोटोला वळल्या.

शिसारी आली मला त्यांची. मग जिलबीचा घास घेताना माझीच आली. स्पीकरचं बटण माझ्या खुर्चीपासून दोन हातांवर होतं. पोरीने नुसते कान झाकले होते; कानांवर हात ठेवले होते ते मी.